नजरचुकीनं राहिलेलं नाव

सोनईहून शेवगावच्या अंगाला निघालं की वाटेत एक गाव लागतं. त्याचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं की अलीकडचं गाव म्हणणार, आमचं का नाही घेतलं, आणि पलीकडचं विचारणार, त्यांचं आधी का घेतलं. आमच्या भागात नाव घेणं म्हणजे खायचं काम नाही बाबा. पटत नसेल तर बाबाजान तांबोळीचं काय झालं ते ऐका.

बाबाजान लग्नात माइकवर बोलायचा. वीसेक वर्षं हाच धंदा. आसपासच्या तीन तालुक्यांत कुठंही लग्न जमलं की आचारी, बँडवाला आणि बाबाजान यांची सुपारी आधी जायची, नवरदेवाचे कपडे मग. काम ऐकायला सोपं. पाहुणा मांडवात शिरला की त्याचं नाव पुकारायचं, दोन शब्द चांगले बोलायचे, आशीर्वाद द्यायला स्टेजवर बोलवायचं. पण कारखान्याचा संचालक आधी की बाजार समितीचा? माजी सभापती वर की आजी सदस्य? इथंच भल्याभल्यांची दांडी उडते. बाबाजानला हे सगळं तोंडपाठ होतं. ज्याच्या दारात दोन मोटारसायकली तो उद्योगपती, ज्यानं एकदा रक्त दिलं तो दानशूर, आणि ज्यानं आयुष्यात काहीच केलं नाही तो युवा नेता. दुपारचा मुहूर्त उन्हं कलेपर्यंत लांबायचा, भटजी घामाघूम व्हायचे, नवरी पाटावर पेंगायला लागायची, पण बाबाजानची नावं काही संपायची नाहीत.

संपणार कशी? सुरुवातीच्या काळात त्याच्या हातून एक चूक झाली होती. एका लग्नात सोसायटीचे व्हाइस चेअरमन कानिफनाथ आबा यांचं नाव घ्यायचं राहून गेलं. आबा उठले. आबांबरोबर भावकी उठली. पंगत वाढलेली, जिलेबी पानात, आणि ही सगळी मंडळी गाड्यांना किक मारून मोकळी! नवरीचा बाप टोपी हातात घेऊन त्यांच्यामागं पळाला. शेवटी आबांना परत आणलं आणि बाबाजाननं एकट्या आबांचं नाव तीनदा पुकारलं, तेव्हा कुठं अक्षता पडल्या. त्या दिवशी बाबाजाननं कानाला खडा लावला. "मानूस उपाशी राह्यला तरी चालंल, नाव राह्यलं न्हाई पायजे."

अशानं घशाचं जे व्हायचं तेच झालं. आधी आवाज घोगरा झाला, मग फुटायला लागला, आणि एका लग्नात तर "आता वधूचे मामा" एवढं म्हणून जो बसला तो बसलाच. नगरच्या डॉक्टरनं घशात नळी घालून बघितलं आणि सांगितलं, "स्वरयंत्रावर गाठी आल्यात. साधं, हळू बोलायला हरकत नाही. पण माइक, ओरडणं बंद. नाही ऐकलंत तर आवाज जाईल, आणि गेला की परत यायचा नाही."

"येवढी म्होरची लग्नसराई हुंद्या, मग सोडतो," बाबाजान म्हणाला.

"मग सोडायला राहील काय?" डॉक्टर म्हणाले.

मुमताज, त्याची बायको, शेजारी बसून सगळं ऐकत होती. ती शेवगावची. घरात एरवी बाबाजानशी दखनी उर्दूत बोलायची, पण रागावली की मराठीत शिरायची. तिचं म्हणणं, भांडायला मराठीच बरी, लागायचं तिथं बरोबर लागते. त्या दिवशी एसटीतून उतरेपर्यंत ती दखनीतच होती. उंबरा ओलांडला आणि मराठी सुरू झाली.

"वीस वर्सं लोकाच्या पावन्यांचं स्वागत केलं तुमी. घरी आले की घसा बसलेला. पानी पायजे तर हाताची खून, भाजी पायजे तर हाताची खून. मी काय मुक्याशी निकाह लावला व्हता का? माझ्याशी बोलायचा आवाज तुमी त्या माइकात घातला. आता जेवढा उरलाय तेवढा माझा हाय. त्यातला सबूद कुना आमदाराला द्यायचा न्हाई, सांगून ठेवते!"

बाबाजाननं हातानं 'बरं' म्हटलं. मुमताजनं कपाळावर हात मारला.

पण माइक सोडायचा तर करायचं काय? दिवाळी झाली की लग्नं सुरू. सुपारी घेऊन माणसं दारात येणार, आणि दारात आलेल्याला नाही म्हणणं बाबाजानच्या बापजन्मात जमलं नसतं. म्हणजे दिवाळीच्या आत दुसरं काम लागलं तर आवाज वाचला, नाहीतर गेला. इतका साधा हिशेब होता.

काम शोधलं कैनातनं. ही त्यांची लेक, नगरला कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला, हॉस्टेलवर राहणारी. नागापूरच्या एमआयडीसीत पाण्याचे पंप बनवणाऱ्या एका कंपनीला गेटवरच्या स्वागत कक्षात बसायला पोक्त माणूस हवा होता. येणारे जाणारे, मालाच्या गाड्यांचे ड्रायव्हर, माल पुरवणारे, या सगळ्यांशी गोडीनं बोलायचं, कोण कुणाला भेटायला आलंय ते बघायचं. "अब्बा, हे तुमचंच काम आहे. फक्त ओरडायचं नाही," कैनात म्हणाली. "आधी रेझ्युमे लिहू."

"त्ये काय आस्तं?"

"आपण कोण, काय केलं, काय येतं, ते एका पानावर लिहायचं."

आपली ओळख लिहायची म्हटल्यावर बाबाजान खूश झाला. ओळख करून देण्यात त्याचा हात कोण धरणार? तो दुपारभर लिहीत बसला आणि कागद लेकीच्या हातात दिला. कैनात मोठ्यानं वाचायला लागली, "पंचक्रोशीचे लाडके, दीनदुबळ्यांचे कैवारी, आपल्या अमोघ वाणीने लाखोंच्या हृदयावर अधिराज्य गाजवणारे..." ती थांबली. "अब्बा, हे कोण?"

"मी."

"मला वाटलं नवरदेवाचे मामा. सगळं खोडा. दुसरं काम धरताना जुन्या कामातलं जे नव्याला उपयोगी पडेल तेवढंच सांगायचं असतं. विशेषणं नकोत. खरोखर काय करायचात ते सांगा."

"नाव घ्यायचो."

"आणि कुणी रुसलं तर?"

"समजूत घालायचो. जवळ बसायचो, पानी द्यायचो, आदी त्याचं सगळं ऐकून घ्यायचो."

कैनातनं लिहिलं, नाराज झालेल्या व्यक्तींशी संयमाने बोलून मार्ग काढण्याचा दीर्घ अनुभव.

"पुढारी वेळेवर आला नाही तर?"

"'तर' म्हनू नको. येतोच कुठं वेळेवर? मग मांडवातल्या मान्सांना धरून बसवायचं. उपाशी मानूस जागचा उठला न्हाई पायजे, त्याला विनोद सांगायचा."

कैनातनं लिहिलं, विलंबाच्या वेळी मोठा जनसमुदाय शांत ठेवण्याचे कौशल्य. असं करत करत एक पान नेमकं, नेटकं भरलं. वर ठळक अक्षरात नाव, बाबाजान महेबूब तांबोळी. खाली फोन नंबर. बाजूला फोटो. बाबाजान त्या पानाकडं बराच वेळ बघत राहिला. हा माणूस बरा दिसतोय, असं त्याला वाटलं.

"आता तळाला दोन माणसांची नावं टाका," कैनात म्हणाली. "तुम्हाला ओळखणारी. कंपनी त्यांना तुमच्याबद्दल विचारेल. दोनच हां अब्बा! आणि पान एकच. माझी परीक्षा आहे, मी चालले. हे मोबाईलवर पाठवलंय, गोरक्षकडून प्रिंट काढा आणि जा."

पोरगी परीक्षेला गेली आणि बाप घोळात पडला. दोन नावं! ज्यानं उभ्या आयुष्यात एका दमात पन्नासच्या खाली नावं घेतली नाहीत त्याला दोन नावं निवडायला सांगायची, म्हणजे मांजराला दूध राखायला सांगितल्यासारखं. त्यात मोठ्या माणसाचं नाव विचारल्याशिवाय घालायचं नसतं, एवढी रीत त्याला ठाऊक होती. तो गेला आबांकडं. कानिफनाथ आबा आता सोसायटीचे चेअरमन होते.

"घाल की," आबा मिशीवरून हात फिरवत म्हणाले. "कितवं घालतो?"

"पैलं, आबा."

झालं! संध्याकाळी आबा चहाच्या टपरीवर सहज बोलून गेले, "बाबाजानच्या नोकरीच्या कागदावर पैलं नाव आपलं हाय बरं का." दुसऱ्या दिवशी सकाळी बाबाजानच्या दारात माजी चेअरमन उभे. "माझ्या टायमाला तुला सोसायटीच्या गोडावूनचं उद्घाटन दिलं हुतं, इसरला व्हय?" ते जातायत तोवर सरपंचबाई रंगुबाई यांचे मिस्टर आले. गावच्या सरपंच रंगुबाई, पण सही सोडून बाकी सगळं मिस्टर करतात. त्यांचं म्हणणं, रंगुबाईंचं नाव घाला, पण त्याच्या आधी त्यांच्या मिस्टरांचं घाला. मग तंटामुक्तीवाले आले, दूध डेअरीवाले आले, भजनी मंडळाचे आले. पतसंस्थेचे तर दोन गट आले, एकमेकांकडं पाठ करून बसले आणि दोघांनी चहा घेतला. त्या कंपनीत कसले पंप बनतात याचा एकालाही पत्ता नव्हता. पण कागद साहेबाच्या टेबलावर जाणार म्हटल्यावर त्यावर आपलं नाव नाही, ही कल्पनाच कुणाला सहन होईना. बाबाजान प्रत्येकाला म्हणत होता, "हाय हाय, तुमचंबी हाय."

"तुमी नोकरी मागताय का मांडव घालताय?" मुमताजनं विचारलं.

"आगं, नाव राह्यलं तर मानूस रुसतो."

"रुसू द्या की! जेवाय आपल्या घरी येतो का?"

पण बाबाजान गोरक्षच्या दुकानात जाऊन बसला. गोरक्ष म्हणजे गावाचा झेरॉक्सवाला, फ्लेक्सवाला आणि लग्नपत्रिकावाला. त्यानं मोबाईलवरचं पान कॉम्प्युटरवर घेतलं आणि नावं बसवायला सुरुवात केली. थोड्या वेळानं म्हणाला, "भाऊ, दुसऱ्या पानावर चाललंय."

"न्हाई न्हाई! पोरीनं बजावलंय, पान येकच."

"मंग वरचं कमी करावं लागंल. ह्यो अनुभव काढू का? आख्ख्या तालुक्याला म्हायतीये तुमचा अनुभव."

"काढ."

"शिक्षण?"

"काढ. हाय कुठं जास्ती?"

भजनी मंडळासाठी फोटो गेला. पतसंस्थेच्या दुसऱ्या गटासाठी फोन नंबर गेला. तेवढ्यात रंगुबाईंच्या मिस्टरांचा फोन आला, त्यांच्या मेव्हण्याचंही घ्या म्हणून. आता पानावर बोटभर जागा नव्हती. गोरक्षनं डोकं खाजवलं.

"भाऊ, वर तुमचं नाव लई जागा खातंय. बारीक करू का?"

"कर. आपलं घरचंच हाय."

"बारीक करून बी बसंना."

बाबाजाननं विचार केला. बाकी कुणाचंही काढलं असतं तरी बोंब झाली असती. हे एकच नाव असं होतं की काढलं तर रुसणारं कुणी नव्हतं. "काढ मंग," तो म्हणाला. "मी सोता समोर बसनारच हाय की. त्यांना दिसंलच."

एवढ्यावर गोरक्षचं समाधान झालं नाही. पत्रिका छापून छापून त्याच्या हाताला वळण पडलेलं. त्यानं चारी बाजूंनी वेलबुट्टीची चौकट टाकली आणि सगळ्यात खाली आपल्या मनानं एक ओळ घातली, 'नजरचुकीने कोणाचे नाव राहून गेले असल्यास राग नसावा.' बाबाजानला ती फार आवडली.

मुलाखतीला निघाला तर गावाच्या कमानीपाशी भला थोरला फ्लेक्स. 'बाबाजानभाऊ यांची नामांकित कंपनीत व्यवस्थापकपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' अजून मुलाखतीचाही पत्ता नाही, आणि हे मॅनेजर करून मोकळे! वर आबा गॉगल घालून, मध्ये सरपंचबाईंचे मिस्टर मोबाईल कानाला लावून, आणि अगदी खालच्या कोपऱ्यात, खांबाच्या आड, बाबाजानचा अर्धा चेहरा. मुमताज त्याच्याबरोबर एसटीच्या थांब्यापर्यंत आली होती. तिनं फ्लेक्सकडं बघितलं, नवऱ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "हळू बोला तिथं. आन् काय विचारतील तेवढंच सांगा." तिला भीती वाटत होती, ती तिनं लपवली नाही.

कंपनीत धनश्री मॅडम म्हणून माणसं निवडणाऱ्या बाई होत्या. त्यांनी कागद हातात घेतला. उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

"हे काय आहे?"

"माझी वळक."

"यात उमेदवार कोण आहे?"

बाबाजान खुर्चीत सावरून बसला. "त्याच्यात न्हाई, मॅडम. त्यो मी."

"म्हणजे तुमच्या रेझ्युमेत सगळ्या गावाचं नाव आहे, फक्त तुमचं नाही?"

कागद छापताना हे जेवढं सरळ वाटलं होतं तेवढं इथं वाटेना. मॅडमनी पाण्याचा ग्लास पुढं केला आणि म्हणाल्या, "ठीक आहे. तोंडानं सांगा. कोण तुम्ही?"

बाबाजाननं घसा खाकरला. "आजच्या या मंगलप्रसंगी उपस्थित असलेले..." आणि थांबला. समोर खुर्ची, टेबल, एक बाई. कुणाचं नाव घ्यायचं? त्याला एकदम स्वतःची कीव आली.

"मॅडम, खरं सांगू का? दुसऱ्याची वळक सांगायची सवं हाय मला. माझी कदी सांगितली न्हाई. कुनी इचारलीच न्हाई."

मग त्यानं हळू आवाजात सगळं सांगून टाकलं. आबांची उठलेली पंगत, गाठी, डॉक्टर, लेकीनं केलेलं पान, आणि ते पान असं का झालं. धनश्री मॅडम आधी गालात हसल्या, मग मोठ्यानं हसल्या, मग हसायच्या थांबल्या.

"या यादीतल्या कुणाला फोन केला तर तो तुमच्याबद्दल खरं काय ते सांगेल?"

बाबाजाननं सगळी यादी नजरेखालून घातली. आबा सोसायटीबद्दल बोलले असते. मिस्टर मेव्हण्याबद्दल. पतसंस्थेचे एकमेकांबद्दल. "न्हाई," तो म्हणाला.

"मग कोण सांगेल?"

"मुमताज. माझी बायको."

म्हणाला आणि त्याचं त्यालाच नवल वाटलं. किती नवरदेवांना त्यानं भरल्या मांडवात बायकोचं नाव घ्यायला लावलं होतं, लाजले तर चिडवलं होतं. स्वतः परक्या माणसासमोर हे नाव त्यानं पहिल्यांदा घेतलं.

मॅडमनी नंबर विचारला आणि तिथंच लावला. फोन स्पीकरवर होता. "तुमचे मिस्टर आमच्याकडे गेटवर नोकरी मागतायत. माणूस कसा आहे?"

पलीकडं आधी कोंबडी हाकलल्याचा आवाज आला. मग मुमताज मराठीत म्हणाली, "मानूस सोन्यासारखा हाय, मॅडम. कुनी रुसलेलं त्याला बघवत न्हाई, माझं सोडून. कामाला घ्या. फकस्त त्याच्या हातात माइक देऊ नका, तुमच्या पाया पडते."

बाबाजानला नोकरी लागली.

आणि गावात एकच धुरळा उडाला. कुणामुळं लागली? आबा म्हणाले, पहिलं नाव कुणाचं होतं? सरपंचबाईंचे मिस्टर म्हणाले, मेव्हण्याचं घातलं तेव्हाच काम झालं. शेवटी सगळ्यांनी मिळून ठरवलं की बाबाजानचा जाहीर सत्कार करायचा. सोसायटीच्या पटांगणात मांडव पडला. स्टेजवर खुर्च्यांच्या दोन ओळी, आणि पहिल्या ओळीत कोण बसणार यावरून सत्काराआधीच दोघांची बोलाचाली झाली. सत्कारमूर्तीची खुर्ची मागच्या ओळीत, कडेला. मुमताज आणि कैनात खाली बायकांत बसल्या होत्या. रंगुबाईही त्यांच्याच शेजारी बसल्या, कारण स्टेजवर मिस्टर होते.

सगळे जमले, हार आले, नारळ आले, आणि मग कुणाच्या तरी लक्षात आलं की माइकवर बोलणार कोण? सगळ्या मांडवानं बाबाजानकडं बघितलं.

"ऊठ बाबाजान," आबा म्हणाले. "तुझ्यावाणी दुसऱ्या कुनाला जमतंय? आजच्या दिवस कर. सोताच्या सत्काराला कसली लाज?"

गोरक्षनं नावांची यादी त्याच्या हातात दिली. वेलबुट्टीची चौकट तशीच होती. बाबाजान उठला आणि माइकपाशी गेला. वीस वर्षांची सवय, हात आपोआप दांड्यावर गेला. छाती भरली. त्यानं खाली बघितलं. मुमताजनं पदर तोंडाला लावला होता आणि तिचे डोळे भरले होते.

बाबाजाननं यादीची घडी घालून खिशात टाकली.

"मी बाबाजान तांबोळी," तो हळूच म्हणाला. "खाली बसलीये ती मुमताज तांबोळी, माझी बायको. तिच्या शब्दावर मला नोकरी लागली. आमा दोघांकडून समद्यांचे आभार. चहा घेऊन जावा."

आणि त्यानं माइक बंद केला.

मग आबा उठले. त्यांनी टोपी नीट केली आणि पायऱ्या उतरले. त्यांच्यामागं माजी चेअरमन, त्यांच्यामागं सरपंचबाईंचे मिस्टर, मग मेव्हणे, मग डेअरी, मग पतसंस्था, आधी एक गट मग दुसरा. रुसून जातानाही कुणी क्रम मोडला नाही हो! या वेळी त्यांना परत आणायला टोपी घेऊन कुणी पळालं नाही. रंगुबाई तेवढ्या बसून राहिल्या आणि दोन कप चहा प्यायल्या.

तेव्हापासून गावातला एकही मोठा माणूस बाबाजानशी बोलत नाही. समोरून आला तरी मान वळवतो. लग्नाची सुपारी घेऊन तर दारात चिटपाखरू येत नाही. पुढच्या वेळी डॉक्टरनं नळी घालून बघितलं तर गाठी उतरायला लागलेल्या. "काय केलंत?" त्यांनी विचारलं. "काय न्हाई," बाबाजान म्हणाला, "समद्या गावानं आराम दिला."

त्या दिवशी काम आटोपून नागापूरहून संध्याकाळच्या एसटीनं तो घरी आला, चपला काढल्या, ओट्यावर टेकला आणि म्हणाला, "मुमताज, पानी देतीस का?"

आत भाकरीची थाप थांबली. मुमताज पिठाच्या हातानं तशीच दारात आली. पाणी आणलं नव्हतं.

"काय म्हनला?" तिनं विचारलं. "परत एकदा म्हना."